बाद फेरीचा मानकरी : नेव्हिल डिसूझा

यंदाच्या पावसाळ्यात आंतरवर्गीय फुटबॉल स्पर्धेत आमचा वर्ग पहिल्याच सामन्यात हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. बाद पद्धतीत दुसरी संधी नसते. चिखलाने माखलेले बूट सोडत बसलो असता मनात आले, अशा एकाच दिवसावर ज्याचे नाव उभे आहे असा एक खेळाडू आपल्या मुंबईत होऊन गेला. आम्हा माटुंगेकरांना क्रिकेटपटूंच्या धावा तोंडपाठ असतात. पण नेव्हिल डिसूझा हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

नेव्हिल यांचा जन्म 1932 सालचा, बार्देशातील आसगावचा. गोव्याचे हे रक्त मुंबईच्या मैदानावर फुलले. त्या काळी फुटबॉल हे पोटापाण्याचे साधन नव्हते. मोठ्या कंपन्यांचे संघ असत आणि खेळाडू त्यांच्याकडून खेळत. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळले. 1954 च्या हंगामात मुंबईने संतोष करंडक प्रथमच जिंकला, त्या संघातही ते होते.

मुंबईकरांचा खरा जीव मात्र रोव्हर्स चषकावर! 1891 साली सुरू झालेली ही बाद पद्धतीची स्पर्धा पुढे कूपरेजवर भरू लागली. आरंभी गोऱ्या पलटणींचेच तिच्यावर राज्य होते. 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने ते मोडले, आणि 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने चषक नेला. बाद पद्धतीची गंमत अशी, की एका दिवसापुरता लहानही मोठ्याला लोळवू शकतो. ब्राझीलमध्ये अशी राष्ट्रीय चषक स्पर्धा 1989 पासून चालते. 2004 साली सांतो आंद्रे या छोट्या क्लबाने बलाढ्य फ्लामेंगोला माराकाना स्टेडियमवरच नमवून ती जिंकली होती.

नेव्हिल यांचा तो दिवस उगवला 1 डिसेंबर 1956 रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला होता. समोर यजमान ऑस्ट्रेलिया! नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला, ऑस्ट्रेलियाने फेडला. 33 व्या मिनिटाला दुसरा केला. तोही फेडला गेला. मध्यंतरानंतर 50 व्या मिनिटाला त्यांनी तिसरा गोल केला. पुढे किट्टूने चौथा चढवला आणि भारत 4-2 असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले.

उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यांचाच. क्षणभर वाटले असेल, आता अंतिम फेरी! पण पुढच्या पाव तासात तीन गोल झाले आणि भारत 1-4 असा हरला. कांस्यपदकाची लढतही बल्गेरियाने जिंकली. भारताचा चौथा क्रमांक आला. ऑलिंपिकमध्ये त्याहून वरचा क्रमांक भारतीय फुटबॉलला आजवर लाभलेला नाही. चार गोलांसह नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत बसले.

नंतर ते मुंबईतच कालटेक्सकडून खेळले, आणि 1958 साली कालटेक्सने रोव्हर्स चषक पटकावला. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले. 1980 साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नेव्हिल गेले. रोव्हर्स चषकही पुढे, शतक बदलताना, बंद पडला.

आता वांद्र्याच्या फुटबॉल मैदानाला त्यांचे नाव दिलेले आहे. तेथे खेळणाऱ्या मुलांना ते नाव कोणाचे, हे कोणीतरी सांगायला हवे. सामन्यात बाद होणे हा खेळाचाच भाग आहे. आमच्या वर्गानेही ते सोसले. पण ज्याने देशाला पदकाच्या उंबरठ्यापर्यंत नेले, त्याला स्मरणातून बाद करणे हा मात्र आपला पराभव आहे. पुढल्या पावसाळ्यात मी पुन्हा संघात नाव देणार आहे, आणि सामन्याआधी माझ्या सोबत्यांना नेव्हिल यांची ही गोष्ट सांगणार आहे.