डॉ. भाऊ दाजी आणि लाकडी कॅमेरा

डॉ. भाऊ दाजी लाड यांना आपण ओळखतो ते धन्वंतरी, सुधारक आणि प्राच्यविद्यापंडित म्हणून. छायाचित्रणाच्या कलेशीही त्यांचा निकट संबंध होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पेडणे महालातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. घरची गरिबी, वडील मातीच्या बाहुल्या विकत. कुटुंब मुंबईस गेले आणि तेथे या बुद्धिमान मुलाला इंग्रजी शिक्षण मिळाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील निबंधास त्यांना ६०० रुपयांचे पारितोषिक लाभले. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

१८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाची संस्था निघाली. तिच्या आरंभीच्या मोजक्या भारतीय सभासदांत भाऊ होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तर हौशी छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले.

ही हौस सोपी नव्हती. लाकडी पेटीचा कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, डोक्यावर काळे कापड घ्यायचे आणि धुरकट काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा स्पष्ट करायची. ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन पसरून ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत. ती सुकण्याआधीच चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणून गावाबाहेर जाताना कॅमेऱ्यासोबत अंधाराचा तंबू, रसायने आणि पाणीही न्यावे लागे. कलोडियन डॉक्टरांच्या परिचयाचे होते, कारण जखमेवर लावण्यासाठीही ते वापरीत. रसायनांची जाण, स्थिर हात आणि धीर हे गुण दवाखान्यात लागत, तेच येथेही लागत.

भाऊंच्या साऱ्या कार्यात हीच निरखून पाहण्याची वृत्ती दिसते. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी परिश्रमाने वाचले, कवटीच्या तेलाने महारोगावर उपचार करून पाहिले, बंधूंसह गरिबांना विनामूल्य औषधे दिली. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात त्यांची संपत्ती गेली. सेवा व संशोधन मात्र थांबले नाही. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. १८७४ साली त्यांचे निधन झाले. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, त्याला १९७५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

हौस म्हणजे वेळ घालवणे, असे आपण सहज म्हणतो. भाऊंच्या लेखी हौस म्हणजे ज्यातून एक पैसाही मिळायचा नाही, अशा कामातही चोख राहणे. पेडण्याच्या या सुपुत्राकडून आजच्या विद्यार्थ्याने घ्यावे ते हेच.