पेशीच्या दारावरचा रंग : पॉल एर्लिक

उंदराच्या चेतापेशीवरील एखादा ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, आज जनुकीय तंत्राने भलत्याच पेशींकडून तयार करून घेता येतो. हे शुद्ध प्रथिन इवल्याशा कुपीत भरून प्रयोगशाळांना पुरवले जाते. पण पेशीवर असे काही असते हे कोणीच पाहिले नव्हते, त्या काळात या अदृश्य वस्तूला नाव देण्याचे धाडस ज्यांनी केले, त्या पॉल एर्लिक यांना चेतापेशी आणि उंदीर दोन्ही चांगलेच परिचयाचे होते.

१४ मार्च १८५४ रोजी तत्कालीन प्रशियातील स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कापडगिरण्यांसाठी निघालेल्या कृत्रिम रंगांचे त्यांना विद्यार्थिदशेपासून विलक्षण वेड. विशिष्ट रंग विशिष्ट पेशीलाच का चिकटतो, या एका प्रश्नाने त्यांची पाठ कधी सोडली नाही. १८८६ मध्ये त्यांनी जिवंत प्राण्याच्या शरीरात मिथिलीन ब्ल्यू हा रंग सोडला. आजूबाजूच्या ऊती फिक्या राहिल्या आणि चेतातंतू मात्र निळेशार उमटले. १८९१ मध्ये तोच रंग त्यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना औषध म्हणून दिला.

दरम्यान क्षयाने गाठल्यामुळे हवापालटासाठी त्यांना इजिप्तला जावे लागले होते. परतल्यावर त्यांनी उंदरांवर प्रयोग मांडले. एरंडाच्या बीतील रिसिन आणि गुंजेतील अॅब्रिन ही जहाल विषे त्यांनी उंदरांना अगदी थोडी थोडी चारली. पुढे हे उंदीर एरवी प्राणघातक ठरणारी मात्राही पचवू लागले. इतकेच नव्हे, तर माद्यांच्या दुधावाटे ते संरक्षण पिलांना मिळाले.

यातूनच १८९७ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. पेशीवर बाहूंसारख्या शृंखला असतात, विष त्यांत कुलपात किल्ली बसावी तसे अडकते, मग पेशी त्या गरजेपेक्षा जास्त निर्माण करते आणि जादा शृंखला सुटून रक्तात येतात. त्याच या प्रतिपिंडे. १९०० पासून या शृंखलांसाठी रिसेप्टर हा शब्द रूढ होऊ लागला. पेशीपासून सुटा झालेला ग्राही ही तेव्हा केवळ कल्पना होती. आजच्या कुपीत असतो तो बहुधा ग्राहीचा पेशीबाहेरचा, असाच सुटा केलेला भाग.

गंमत अशी की, औषधेही अशाच ग्राहींमार्फत काम करतात हे मान्य करायला खुद्द एर्लिकच तयार नव्हते. अनेक अल्कलॉइड ऊतींमधून साध्या द्रावकाने सहज निघून येतात, तेव्हा त्यांचे बंधन पक्के कसे मानायचे, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारे यांच्या प्रयोगांवरून १९०५ मध्ये स्नायूपेशीत एक ग्रहणशील द्रव्य असल्याचे मांडले. इकडे फ्रँकफुर्टमध्ये एर्लिक यांच्या उंदरांतील ट्रिपॅनोसोम हे परजीवी औषधांना दाद देईनासे झाले होते. एका गटातील औषधाला सरावलेला परजीवी दुसऱ्या गटातील औषधाने मात्र मरत होता. या पुराव्यापुढे १९०७ मध्ये त्यांनी औषधांचेही ग्राही मान्य केले. स्वतःच्या सिद्धान्ताची मर्यादा आखणे आणि पुरावा येताच ती ओलांडणे, दोन्ही त्यांना साधले.

१९०८ मध्ये मेचनिकॉव्ह यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी ६०६ क्रमांकाचे आर्सेनिकयुक्त संयुग उपदंशावर गुणकारी असल्याचे दाखवले. १९१० मध्ये ते साल्व्हार्सन नावाने बाजारात आले. कीर्तीबरोबर बदनामीही आली. दुष्परिणामांचे निमित्त करून त्यांच्यावर हेत्वारोप झाले, त्यात ज्यूद्वेषही मिसळलेला होता. दिवसाला पंचवीसेक सिगार ओढणाऱ्या या अखंड कष्टाळू माणसाची प्रकृती खालावत गेली. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी उतरवण्यात आली आणि पत्नी हेडविग यांना देश सोडावा लागला. युरो येण्यापूर्वीच्या अखेरच्या दोनशे मार्कांच्या जर्मन नोटेवर मात्र एर्लिक यांचेच चित्र होते.