नाताळचे झाड घरोघरी नेणारा राजपुत्र

उरणच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज अमलात आला. मात्र नाताळात ख्रिस्ती कुटुंबे एकत्र बसून सजवितात ते झाड मूळचे जर्मनीतले. ते लोकप्रिय करण्यात राजपुत्र अल्बर्ट यांचा वाटा मोठा होता.

अल्बर्ट यांचा जन्म २६ ऑगस्ट १८१९ रोजी जर्मनीत कोबर्गजवळ झाला. पाचव्या वर्षी आईवडील विभक्त झाले आणि आई कायमची दुरावली. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाशी त्यांचा विवाह झाला. परक्या इंग्लंडने त्यांच्याकडे आरंभी संशयानेच पाहिले. विंडसरच्या राजवाड्यात मात्र ते दर नाताळला मुलांसाठी मेणबत्त्या व मिठाईने झाड सजवीत. राणी शार्लट यांनी १८०० मध्येच विंडसरला असे झाड उभारले होते. तथापि १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने झाडाभोवती जमलेल्या राजकुटुंबाचे चित्र छापले आणि ही प्रथा सामान्यांच्या घरांत रुजू लागली.

नाताळ अवघ्या अकरा दिवसांवर असताना, १४ डिसेंबर १८६१ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी अल्बर्ट यांचे निधन झाले. नऊ अपत्यांचे पितृछत्र हरपले. बालपणी मोडलेले घर त्यांनी ज्या झाडाभोवती पुन्हा जमविले, ते झाड मात्र घरोघरी उभे राहिले.