देवरोगाचे कोडे

पेण व रोहा या बाजूच्या गावांतून पूर्वी एक दृश्य पुष्कळदा पाहावयास मिळे. शाळेच्या ओसरीवर किंवा शेताच्या बांधावर खेळता खेळता एखादे मूल एकाएकी किंचाळून खाली कोसळे. त्याचे अंग ताठ होई, डोळे फिरत, दातखिळी बसे, हातपाय झटके देऊ लागत आणि तोंडाला फेस येई. भोवती माणसे जमत. कोणी त्याला चप्पल हुंगवी, कोणी कांदा फोडून नाकाशी धरी, कोणी देवळातला अंगारा आणावयास धावे. थोड्या वेळाने मूल शांत होई, डोळे उघडी आणि त्या गर्दीकडे गोंधळून पाही. काय घडले ते त्याला मुळीच आठवत नसे. मग माणसांत कुजबुज सुरू होई. पोर तिन्हीसांजेला खाडीवर गेले होते, तिथलेच काही लागले असावे, असे कोणी म्हणे. यंदा देवाची राखण द्यावयाची राहिली, त्याचे हे फळ, असे दुसरा कोणी सुचवी. मुलाच्या आईला मात्र एकच प्रश्न छळत असे. आपल्या लेकराला हे का होते?

नेमका हाच प्रश्न सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील वैद्यांपुढे उभा होता. त्या काळी त्याचे उत्तर ठरलेले होते. हा रोग देवांकडून येतो असे सर्वजण मानीत आणि म्हणून त्याला पवित्र रोग, म्हणजेच देवरोग, म्हणत. हे उत्तर ज्याने नाकारले व रोगाचे कारण शरीरातच शोधले पाहिजे असा आग्रह धरला, त्या वैद्याचे नाव परंपरेने हिपॉक्रेटिस असे सांगितले आहे.

हिपॉक्रेटिसचा जन्म इ. स. पूर्व ४६० च्या सुमारास कॉस नावाच्या बेटावर झाला. आशिया मायनरच्या किनाऱ्याजवळ असलेले हे बेट लहानसेच आहे. त्याचे घराणे वैद्यांचे होते. ॲस्क्लीपियस या आरोग्यदेवतेपासून आपली परंपरा सुरू झाली, असे हे वैद्य अभिमानाने सांगत. त्याचा पिता हेराक्लिडीस हाही वैद्यच होता व मुलाने विद्येचे पहिले धडे त्याच्यापाशीच घेतले, असे जुने चरित्रकार सांगतात. वनस्पती ओळखणे, काढे करणे, मोडलेले हाड बसवणे, जखम धुऊन बांधणे, ही सारी कामे वडिलांच्या हाताखाली पाहत पाहत मुलगा शिकला असावा. आपल्याकडे वैद्यांच्या घरी विद्या अशीच एका पिढीकडून दुसरीकडे जात असे.

तो काळ ग्रीसच्या वैभवाचा होता. अथेन्स नगरीत सॉक्रेटिस तरुणांना प्रश्न विचारून विचार करावयास शिकवीत होता. दुसरीकडे, आजारी माणसे ॲस्क्लीपियसच्या मंदिरात जाऊन रात्री तेथेच निजत. देव स्वप्नात येऊन उपाय सांगेल अशी त्यांची श्रद्धा असे. विचार आणि विश्वास असे दोन्ही प्रवाह एकाच समाजात शेजारी शेजारी वाहत होते.

हिपॉक्रेटिस एका गावी बसून राहिला नाही. त्या काळचे ग्रीक वैद्य नगरोनगरी फिरत व जेथे गरज पडे तेथे मुक्काम करीत. नव्या गावी गेल्यावर वैद्याने काय करावे, हे त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका ग्रंथात सविस्तर सांगितले आहे. रोग्याला तपासण्यापूर्वी गाव पाहावे. वारे कोणत्या दिशेने वाहतात, उन्हाचा मारा किती, पाणी दलदलीचे आहे की खडकातून येणारे, गोडे की मचूळ, जमीन उघडी की झाडीची, लोक काय खातात, किती श्रम करतात, याची विचारपूस करावी. असा वैद्य पेणला आला असता तर त्याने प्रथम खाडी, खारी शेते व मिठागरे पाहिली असती. रोह्याला गेला असता तर कुंडलिकेच्या काठी उतरून, लोक पाणी कोठून भरतात ते विचारले असते. रोग आकाशातून पडत नाहीत, ते माणसाच्या शरीराशी व त्याच्या भोवतालच्या परिस्थितीशी बांधलेले असतात, हे या शिकवणीचे सूत्र होते.

रोग्याजवळ बसून दिवसेंदिवस पाहत राहणे हा या वैद्यांचा दुसरा नेम होता. रोग्याच्या चेहऱ्यावरील छटा, त्याचा श्वास, घाम, झोप, मलमूत्र, बोलण्यातील भ्रम, सारे ते टिपून ठेवीत. अशी बेचाळीस रोग्यांची टिपणे त्यांच्या दोन ग्रंथांत आजही वाचावयास मिळतात. त्यांतील निम्म्याहून अधिक रोगी दगावले, हेही त्यांत लपवलेले नाही. आपले अपयश इतक्या सरळपणे लिहून ठेवणे सोपे नसते. पण पुढच्या वैद्याला त्यातूनच काही शिकता येईल, हे त्यांनी ओळखले होते.

आता त्या देवरोगाकडे वळू. हिपॉक्रेटिसच्या नावावर सुमारे साठ ग्रंथ आहेत. ते सर्व त्यानेच लिहिले असे मात्र नाही. शिष्यांचे व इतर वैद्यांचे लेखनही त्यांत मिसळलेले आहे. देवरोगावरील छोटासा ग्रंथ प्रत्यक्ष त्याच्या हातचा की त्याच्या परंपरेतील दुसऱ्या कोणाचा, याविषयी पंडितांत एकमत नाही. परंपरा तो गुरूच्या नावे सांगते व आपणही येथे तसेच म्हणू.

त्या काळी झटके आलेल्या मुलाला घेऊन आईबाप मांत्रिकाकडे जात. मांत्रिक लक्षणे पाहून देव ठरवी. रोगी बकरीसारखा ओरडला तर देवमातेचा कोप, घोड्यासारखा तीव्र स्वर काढला तर समुद्रदेवाचा, तोंडाला फेस आणून लाथा झाडल्या तर युद्धदेवाचा, असे त्याचे कोष्टक असे. मग तो मंत्र म्हणून शुद्धी करी आणि पथ्ये सांगे. स्नान करू नये, काळे वस्त्र नेसू नये, बकरीचे मांस खाऊ नये, बकरीच्या कातड्यावर निजू नये, पायावर पाय किंवा हातावर हात ठेवू नये. मूल बरे झाले तर श्रेय मांत्रिकाचे. न झाले तर दोष देवाचा. दोन्ही बाजूंनी मांत्रिक सुरक्षित राही.

हिपॉक्रेटिसने या सगळ्याची शांतपणे छाननी केली. बकरीच्या कातड्याने हा रोग होत असेल, तर जे लिबियाचे लोक बकरीचीच कातडी पांघरतात व तिचेच मांस खातात, त्यांच्यात एकही निरोगी माणूस सापडता कामा नये, असे त्याने दाखवून दिले. शिवाय पथ्याने रोग हटत असेल, तर तो पथ्याचा गुण झाला; त्यात देवाचा संबंध कोठे आला? हा रोग देव पाठवीत असता तर तो सर्वांना सारखाच व्हावयास हवा. पण तो विशिष्ट प्रकृतीच्या माणसांतच अधिक दिसतो आणि काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. म्हणजे इतर रोगांप्रमाणेच यालाही शरीरातले कारण असले पाहिजे. कारण कळत नाही, म्हणून लोकांनी त्याला देवाचे नाव दिले.

हा वैद्य नास्तिक नव्हता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. देव निर्मळ आहे, तो माणसाचे शरीर विटाळील असे म्हणणे हीच देवाची निंदा होय, असे त्याचे मत होते. सर्वच रोग निसर्गाच्या नियमाने होतात, त्या अर्थाने सर्वच दैवी आहेत व सर्वच मानवीही आहेत; एकालाच वेगळे काढून पवित्र म्हणण्याचे कारण नाही, असे तो म्हणे.

त्याने मुलांचे जे निरीक्षण केले, ते वाचताना आजही मन हेलावते. ज्यांना हा रोग जडलेला आहे, त्यांना झटका येणार हे आधी कळू लागते. अशा वेळी मोठी माणसे लोकांपासून दूर पळतात; घर जवळ असेल तर घरात, नसेल तर एखाद्या निर्जन जागी जाऊन तोंड झाकून घेतात. हे ती देवाच्या भीतीने करीत नाहीत, लाजेने करतात. लहान मुले मात्र पहिल्या पहिल्यांदा कोठेही पडतात. पुढे सवयीने झटका ओळखू लागली, की आईकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे धाव घेतात. लाज म्हणजे काय हे त्यांना अजून ठाऊक नसते. त्यांना केवळ भय वाटते. ज्याने ही गोष्ट टिपली, त्याने रोगाबरोबर रोग्याचे मनही पाहिले होते.

मग रोगाचे खरे स्थान कोणते? हिपॉक्रेटिसने उत्तर दिले की, मेंदू. आपला आनंद व दुःख, पाहणे व ऐकणे, बरेवाईट ओळखणे, हे सर्व मेंदूमुळे होते, असे त्याने लिहिले. बुद्धीचे स्थान हृदय होय असे मानणारे विद्वान त्याच्यानंतरही होऊन गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या उत्तराचे मोल कळते. पण पुरावा कोणता? मृत माणसाचे शरीर उघडून पाहण्याची तेव्हा चाल नव्हती. त्याने बकऱ्यांचा दाखला दिला. असाच रोग बकऱ्यांनाही होतो. अशा बकरीचे डोके उघडून पाहिले, तर मेंदू ओला, पाण्याने भरलेला व दुर्गंधी सुटलेला आढळतो. म्हणजे बकरीला देवाने झपाटलेले नसून तिचा मेंदूच बिघडलेला असतो. शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूत एका कृमीच्या अळीमुळे पाण्याची पिशवी तयार होते आणि ती जनावरे गरगर फिरू लागतात, हे आजच्या पशुवैद्यांना ठाऊक आहे. तसल्याच दुसऱ्या एका कृमीची अळी माणसाच्या मेंदूत शिरून झटके येतात, हेही आता सिद्ध झाले आहे.

येथवर तो बरोबर होता. पुढे मात्र चुकला. मेंदूतून कफ खाली उतरतो, शिरांमधून जाणाऱ्या वायूची वाट अडवतो आणि त्यामुळे झटके येतात, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला नाही. आपल्याकडील चरकसंहितेतही या रोगाला अपस्मार, म्हणजे स्मृतीचा लोप, असे नाव देऊन वात, पित्त, कफ यांच्या आधारे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. दोन्ही देशांतील वैद्य आपापल्या काळाच्या ज्ञानाने बांधलेले होते. पण कारण शरीरात शोधावे, ही दिशा दोघांनाही सापडली होती.

खरे कारण कळावयास पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. १८७३ साली जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने, मेंदूच्या पेशींतून एकाएकी शक्तीचा अतिरिक्त स्फोट होतो व त्यामुळे झटका येतो, असे प्रतिपादन केले. १९२४ साली हान्स बर्गर या जर्मन वैद्याने माणसाच्या मेंदूतील विद्युत्प्रवाहांचा पहिला आलेख काढला. पुढे अशाच आलेखांतून झटक्याच्या वेळची मेंदूची खळबळ कागदावर उमटू लागली. आज जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा रोग आहे आणि योग्य औषध नियमित घेतल्यास त्यांपैकी १०० तील ७० जण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

हिपॉक्रेटिसच्या उत्तरायुष्याविषयी थोडेच ठाऊक आहे. त्याने अनेक शिष्य घडवले. थेस्सलस व ड्रॅको हे त्याचे पुत्र व पॉलिबस हा जावईही वैद्य झाले. इ. स. पूर्व ३७० च्या सुमारास थेसली प्रांतातील लॅरिसा या गावी तो मरण पावला, असे सांगतात. कॉस बेटावर एक जुना वृक्ष आजही दाखवतात. त्याच्या सावलीत तो शिकवीत असे, अशी आख्यायिका आहे. तो वृक्ष काही इतका जुना नाही. पण वृक्षाचे वय कमी भरले म्हणून गुरूच्या शिकवणीचे मोल कमी होत नाही.

आपल्या वर्गात, घरात किंवा वाटेत कोणाला झटका आला तर ती शिकवण आठवावी. गर्दी दूर करावी, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्या, गळ्याभोवतालचे कपडे सैल करावे व झटके ओसरताच रोग्याला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. चप्पल वा कांदा हुंगवू नये. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीने दवाखान्यात न्यावे. आणि शुद्धीवर येऊन ते मूल गोंधळून आपल्याकडे पाहील, तेव्हा त्याला आपल्या चेहऱ्यावर भीती किंवा कुचेष्टा दिसू नये, ओळखीचे माणूस जवळ आहे असे वाटावे. झटका येणार हे कळताच मूल आईकडे का धावते, हे त्या जुन्या वैद्याने ओळखले होते. त्याला लाजेने तोंड लपवावे लागू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे.