लांब साखळीचा शोध

मुलांनो, बोरी अरबच्या शिवारात कापूस फुटला की त्यातला एक तंतू ओढून पाहा. किती बारीक, तरी किती चिवट! हा चिवटपणा कोठून आला? कापसात ग्लुकोजचे हजारो घटक माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. अशा लांब रेणूला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. आज हे तुम्ही सहज वाचता. पण शंभर वर्षांपूर्वी हेच सांगणाऱ्या माणसावर मोठमोठे विद्वान विश्वास ठेवत नव्हते. त्यांचे नाव हेर्मान स्टाउडिंगर.

त्यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील वर्म्स येथे झाला. त्यांना वनस्पतींची आवड होती. वनस्पती नीट समजायच्या तर आधी रसायनशास्त्र शिकावे, असे वडिलांनी सुचवले. मुलगा त्यातच रमला. १९१२ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे प्राध्यापक झाले.

रबर, कापूस यांत लहान रेणूच दुबळ्या आकर्षणाने गोळा झालेले असतात, असे त्या काळी मानत. १९२० मध्ये स्टाउडिंगर यांनी लिहिले की, हे गोळे नव्हेत. पक्क्या बंधांनी जोडलेल्या साखळ्या आहेत. हा नाद सोडा, आधी तुमचे रबर शुद्ध करा, असा सल्ला त्यांना एका नामवंत शास्त्रज्ञाने दिला. त्यांनी वाद घालण्यापेक्षा प्रयोग केला. ते दुबळे आकर्षण रबरातील दुहेरी बंधांमुळे असते, असे विरोधक म्हणत. मग रबरात हायड्रोजन मिसळून दुहेरी बंधच नाहीसे केले तर? रबराचे लहान रेणू सुटे व्हायला हवेत. पण तसे झाले नाही! रबर पूर्वीसारखेच चिकट, दाट राहिले. मला तर या साध्या युक्तीचेच सर्वांत जास्त कौतुक वाटते.

१९२६ मध्ये ते जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूच्या वापराला विरोध केला होता. नाझी राजवटीत ती शांततेची मते त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. १९३४ मध्ये त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. तो अमलात मात्र आला नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी. ८ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे आणखी एक काम फार उशिरा उपयोगी पडले. १९१९ मध्ये त्यांनी अझाइड नावाच्या पदार्थांची एक अभिक्रिया शोधली होती. तिच्या आधारे अमेरिकेत कॅरोलिन बर्टोझी यांनी २००० मध्ये जिवंत पेशींवर खुणेचे रेणू जोडून दाखवले. पुढे अझाइडचाच उपयोग करून, टिचबटण लागावे तसे दोन रेणू झटकन जोडण्याची रीत निघाली. तिला क्लिक रसायनशास्त्र म्हणतात. त्यासाठी २०२२ चे नोबेल बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना मिळाले. या रीतीने पाणी शोषणाऱ्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या की त्यांचे जाळे तयार होते. त्यात पाणी अडकून राहते आणि पदार्थ मऊ, लवचीक बनतो. हाच हायड्रोजेल. औषध साठवून ते शरीरात हळूहळू सोडणारे हायड्रोजेल तयार करण्याचे प्रयोग आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत.