कर्मवीर भाऊराव पाटील

पनवेल येथे महात्मा फुले महाविद्यालय आहे. ते ज्या रयत शिक्षण संस्थेचे, ती संस्था १९१९ साली काले या गावी स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. तरुणपणी ते नांगर विकीत खेडोपाडी हिंडले. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह उघडिले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, आणि स्वयंपाक, झाडलोट व शेतकाम स्वतः करीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, आपले दागिने व अखेर मंगळसूत्रही दिले. १९४० साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलातही श्रम करून शिकण्याची हीच रीत चालली.

या श्रमांचा हेतु केवळ खर्च भागविणे एवढाच नव्हता, असे आम्हांस वाटते. वेळेवर कामास उभे राहणे, हिशेब चोख ठेवणे, परजातीच्या सोबत्याशी जुळवून घेणे, हे गुण पुढे नोकरीत व संसारात उपयोगी पडतात. पण ते पाठांतराने येत नाहीत, हातांनी काम केल्यानेच अंगी बाणतात.

९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. त्यांची ‘कमवा व शिका’ योजना मात्र चालू आहे. तेव्हा शिकणाऱ्या मुलाने हाती कुदळ वा खराटा घेतला, तर त्यास कोणी हिणवू नये. फीअभावी कोणी मुलगा घरी बसला असेल, तर त्याच्या आईबापांस हे चरित्र अवश्य वाचून दाखवावे.