गावाला कुंपण पडलं आणि एक शेतमजूर आपल्याच गावात परका झाला : कवी जॉन क्लेअरची गोष्ट

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की एक ठरलेला फोटो डोळ्यासमोर येतो. हिरवीगार शेतं, प्रत्येक शेताला झुडपांचं नीट कापलेलं कुंपण, मधून जाणारा सरळ रस्ता आणि मागे चर्चचा मनोरा. रील बघणाऱ्याला वाटतं, हे गाव हजार वर्षं असंच असणार.

पण तसं नाहीये.

त्यातली बरीचशी कुंपणं गेल्या अडीचशे वर्षांत, कायदा करून आणि जमीन मोजून घातली गेली. ती घातली तेव्हा गावातल्या गरिबाचं काय झालं, हे आतून लिहून ठेवणारा माणूस स्वतः एक शेतमजूर होता. त्याचं नाव जॉन क्लेअर.

मळणी करणाऱ्याचा पोरगा

१३ जुलै १७९३. नॉर्थम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन या लहानशा गावात जॉनचा जन्म झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण लहानपणीच गेली. वडील पार्कर क्लेअर दुसऱ्याच्या कोठारात काठीने धान्य झोडपून मळणी करायचे. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. घर भाड्याचं. परसात सफरचंदाचं एक झाड होतं, आणि ते बरं धरलं की भाड्याची सोय व्हायची.

शाळा वर्षातून काही महिनेच, शेजारच्या ग्लिंटन गावात. उरलेल्या दिवसांत काम. पोराला पेलवेल अशी हलकी काठी वडिलांनी बनवून दिली आणि जॉन लहान वयातच मळणीला उभा राहिला. बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली ती कायमची.

पण त्याची खरी शाळा गावाबाहेर होती. गावाची गुरं राखणारी एक म्हातारी होती. तिच्या मागे फिरता फिरता त्याने जुनी गाणी पाठ केली. कुठल्या पक्ष्याचं घरटं जमिनीवर असतं, कुठलं झुडपात, त्याची अंडी कशी दिसतात, हे त्याने स्वतः बघून लक्षात ठेवलं. एकदा तर जग जिथे संपतं ती कड बघायची म्हणून तो सकाळीच माळावर चालत सुटला. ओळखीची फुलं-पाखरं दिसेनाशी झाली तेव्हा त्याला कळलं की आपण हरवलोय.

तेराव्या वर्षी त्याने दीड शिलिंग जमवून स्टॅमफर्डहून जेम्स थॉमसनचं ऋतूंवरचं काव्य विकत आणलं. कामाच्या दिवशी चारचौघांसमोर वाचत बसायची लाज वाटली म्हणून बर्ली इथल्या उमरावाच्या बागेची भिंत चढून आत जाऊन वाचलं. तिथून कविता सुरू झाल्या. शेतात बसून, टोपीच्या माथ्यावर कागद ठेवून तो लिहायचा. घरी वाचून दाखवताना मात्र दुसऱ्या कुणाची तरी कविता म्हणून सांगायचा, म्हणजे आई-वडील खरं मत देतील. आईला ते सगळे कागद सारखेच. त्यातले काही चूल पेटवण्यात गेले.

कुंपणाआधीचं गाव कसं होतं?

आता हे गाव चालायचं कसं, ते समजून घेऊ.

हेल्पस्टनभोवती तीन मोठी उघडी शिवारं होती. त्यांना आत कुंपण नव्हतं. प्रत्येक शिवारात लांबट पट्टे, आणि एकाच शेतकऱ्याचे पट्टे इकडे-तिकडे विखुरलेले. पेरणी कधी, कापणी कधी, कुठलं शिवार पड ठेवायचं, हे सगळं गावाने मिळून ठरायचं. पीक निघालं की धसकटांत गुरं सोडायची. बायका-पोरं शेतात पडलेला सरवा वेचायची. त्याशिवाय माळ आणि पाणथळ कुरणं होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गायरान.

ज्याच्या नावावर वीतभरही जमीन नाही, त्यालाही इथे काही ना काही मिळायचं. सरपण, बोरंबेरी, शेळी-गाईला चारा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुठूनही कुठेही चालत जायची मोकळीक. याला कागद नव्हता. रिवाज होता.

१८०९ साली काय झालं?

ब्रिटिश संसदेने हेल्पस्टन आणि आसपासच्या गावांसाठी जमिनीच्या वाटणीचा कायदा केला. क्लेअर तेव्हा सोळा वर्षांचा होण्याच्या बेतात होता.

कायद्याने नेमलेल्या आयुक्तांनी जमीन मोजायची. विखुरलेले पट्टे रद्द करून प्रत्येक मालकाला एका जागी तुकडा द्यायचा. गायरानही मालकांमध्येच वाटायचं. मालकाने आपल्या तुकड्याला कुंपण घालायचं. ज्याच्याकडे कागदोपत्री हक्क, त्याला हिस्सा. ज्याच्याकडे फक्त रिवाज, त्याच्या हाती काहीच नाही.

मालकांच्या बाजूने याला कारण होतं. एकत्र तुकड्यावर नवी पिकं घेता येत होती, उत्पन्न आणि खंड वाढत होता. म्हणूनच हे एकट्या हेल्पस्टनमध्ये घडलं नाही. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. म्हणजे इंग्लंडचा साधारण पाचवा भाग.

हेल्पस्टनची अंतिम वाटणी पूर्ण व्हायला १८२० उजाडलं. मधल्या अकरा वर्षांत ओढे वळवले गेले, जुनी झाडं पडली, रस्ते सरळ झाले, पायवाटा बंद झाल्या. जिथून क्लेअर लहानपणी रोज जायचा, तिथे आता जाणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घुसणं झालं.

आणि यातला सगळ्यात कडू भाग हा, की ही कुंपणं लावायच्या कामावर क्लेअर स्वतः मजुरीला होता. खाणार काय? वडील संधिवाताने थकले होते, घर गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर आलं होतं. त्याने माळीकाम केलं, चुन्याच्या भट्टीवर काम केलं, आणि जे मोडताना जीव तुटत होता ते मोडायच्या कामालाही हात लावला.

एका पुस्तकाने लंडन हललं

स्टॅमफर्डच्या एका पुस्तकविक्रेत्यामार्फत त्याच्या कविता लंडनच्या जॉन टेलरकडे गेल्या. कवी कीट्सचा प्रकाशक तो हाच. जानेवारी १८२० मध्ये क्लेअरचं पहिलं पुस्तक आलं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर त्याची ओळख नॉर्थम्प्टनशायरचा एक खेडूत अशी छापली होती. वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचं मार्था टर्नरशी लग्न झालं. घरी तिला पॅटी म्हणत. लंडनला बोलावणं आलं, मेजवान्या झाल्या. शेतमजूर कविता कसा करतो हे बघायला बग्ग्यांतून लोक हेल्पस्टनला येऊ लागले. त्यांच्याशी बोलायला हातातलं काम सोडून यावं लागायचं आणि दिवसाची मजुरी बुडायची.

उमरावांनी वर्षाला थोडी रक्कम बांधून दिली, पण तिच्याबरोबर अपेक्षाही आल्या. श्रीमंतांच्या हावेवर बोट ठेवणाऱ्या ओळी लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला खटकल्या आणि पुढच्या आवृत्तीत त्या गाळल्या गेल्या. क्लेअर बोलीभाषेत लिहायचा, विरामचिन्हं टाळायचा. टेलर ते शहरी वाचकासाठी नीटनेटकं करून छापायचा. म्हणजे जमिनीला कुंपण पडलं तसं त्याच्या भाषेलाही पडलं.

मग लाट ओसरली. १८२१, १८२७ आणि १८३५ मध्ये आणखी पुस्तकं आली. आज १८२७ चं, गावातलं वर्ष महिन्यामहिन्याने सांगणारं पुस्तक त्याच्या उत्तम कामांत धरतात, पण तेव्हा ते फारसं कुणी घेतलं नाही. कवी म्हणून पुरेसे पैसे नाहीत आणि मजुरीच्या कामात पूर्वीसारखं मन नाही. घरात मुलं वाढत होती, कर्जही वाढत होतं.

तीन मैलांचा वनवास

१८३२ साली हितचिंतकांच्या मदतीने त्याला नॉर्थबरो गावात मोठं घर आणि थोडी जमीन मिळाली. हेल्पस्टनपासून अंतर फक्त तीन मैल. लोकांना वाटलं, आता याचं बरं होईल.

झालं उलटंच. ज्याला आपल्या गावातलं एकेक झाड माहीत होतं, त्याला तीन मैलांवरचं शिवार परदेश वाटलं. आधीपासून असलेला मानसिक आजार वाढला. १८३७ मध्ये त्याला एपिंगच्या जंगलाजवळच्या डॉ. मॅथ्यू अॅलन यांच्या मनोरुग्णालयात ठेवलं. एकदा डोक्यावर घ्यायचं आणि मग विसरून जायचं, त्यात गरिबी आणि अति श्रम, यांनी हा माणूस खचला, असं डॉ. अॅलन यांचं मत होतं. सगळा दोष कुंपणांवर टाकता येणार नाही. पण बाकी सगळं डळमळलं तेव्हा ज्याचा आधार वाटावा, ते ओळखीचं गावही जागेवर उरलं नव्हतं.

जुलै १८४१ मध्ये तो तिथून निघाला आणि चालत घराकडे आला. सुमारे ८० मैल, चार दिवस, खिशात पैसा नाही. भुकेपोटी रस्त्याकडेचं गवत खाल्लं. रात्री झोपताना डोकं उत्तरेकडे ठेवायचा, म्हणजे सकाळी घराची दिशा चुकणार नाही. मनात होती मेरी जॉइस, ग्लिंटनच्या शाळेतली त्याची मैत्रीण. ती आपली बायको आहे आणि घरी वाट बघतेय, असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात मेरीने लग्नच केलं नव्हतं आणि १८३८ मध्ये ती वारली होती. घरच्यांनी सांगितलं, पण त्याला पटलं नाही. घोडागाडी घेऊन त्याला आणायला आलेल्या पॅटीलाही त्याने आधी ओळखलं नाही.

डिसेंबर १८४१ मध्ये त्याला नॉर्थम्प्टनच्या मनोरुग्णालयात नेलं. तिथे तो बावीस वर्षांहून जास्त राहिला. शहरात फिरायची मुभा असायची तेव्हा चर्चच्या ओसरीत बसायचा. तिथेही तो लिहीत राहिला आणि विल्यम नाइट नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्याने त्या कविता उतरवून घेतल्या. म्हणून त्या वाचल्या. २० मे १८६४ रोजी तो गेला. देह हेल्पस्टनला आणून तिथल्या चर्चच्या आवारात पुरला.

पुढे काय झालं?

विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याची हस्तलिखितं काढली आणि कविता त्याच्या बोलीत, त्याने लिहिल्या तशा छापल्या. १९८९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याच्या नावाचा दगड बसला. हेल्पस्टनमधलं त्याचं घर २००५ मध्ये त्याच्या नावाच्या संस्थेने विकत घेऊन जतन केलं. त्याच्या वाढदिवसाला गावातल्या शाळेची मुलं फुलांच्या छोट्या गाद्या करून त्याच्या कबरीपाशी ठेवतात.

गावाजवळ स्वॉर्डी वेल नावाची जुनी खाणीची जागा होती. पूर्वी तिथे सगळ्यांची गुरं चरायची, वाटणीनंतर तिथून रस्त्यांसाठी दगड काढायला सुरुवात झाली. क्लेअरने त्यावर एक कविता लिहिली, जिच्यात ती जमीन स्वतःच आपलं गाऱ्हाणं सांगते. आज ती जागा निसर्गासाठी राखीव आहे. फुलं, पाखरं परत आली आहेत आणि लोक तिथे चालायला जातात.

ती परत सगळ्यांची व्हायला दीड शतकाहून जास्त काळ लागला.